‘फिट’पुढची ओळ

आजी 78 वर्षांच्या. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर मुलगा-सुनेबरोबर राहतात. जुलैतल्या एका गुरुवारी रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी मोरीत त्यांचा पाय घसरला आणि त्या उजव्या कुशीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आमच्या रुग्णालयात त्यांच्या शस्त्रक्रियेचा पहिला छेद घेतला गेला तो पुढच्या मंगळवारी सकाळी 9:40 ला. मध्ये 108 तास गेले.

मी भूलतज्ज्ञ आहे. या 108 तासांतला एक दुवा माझ्या हातून निसटला, म्हणून हे प्रकरण मीच लिहायला घेतलं. कुटुंबाची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णालय मध्य मुंबईतलं, ट्रस्टचं. आमच्याकडे संगणकीय यंत्रणा आहे आणि आम्ही सगळे ती वापरतो. कागदाच्या ढिगात चिठ्ठी हरवली, असं इथे झालेलं नाही. जे झालं त्याची नोंद मिनिटामिनिटाला यंत्रणेत आहे, आणि त्या नोंदींमुळेच मला हे लिहिता येतं आहे.

खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला खाटेवरचा प्रत्येक दिवस महागात पडतो. छातीत कफ साठतो, पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, माकडहाडाजवळची कातडी दबून फुटते, रात्री भ्रम होतो. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने 2011 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की अशी शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करावी. आमच्या हाडांच्या विभागालाही हे पक्कं ठाऊक आहे. शुक्रवारी सकाळच्या राउंडला सरांनी आजींना पाहिलं आणि 11:20 ला रेसिडेंटने शनिवारच्या ओटी लिस्टवर, म्हणजे शस्त्रक्रियागृहाच्या यादीवर, पहिली केस म्हणून त्यांचं नाव टाकलं. तोवर सगळं वेळेत चाललं होतं.

शुक्रवार, दुपारी 4:10

पीएसीसाठी, म्हणजे भूल देण्याआधीच्या तपासणीसाठी, मी वॉर्डात गेले. आजी शुद्धीवर होत्या. दुखत होतं, पण बोलत होत्या. छातीला स्टेथोस्कोप लावला तर मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांबरोबरचा जादा आवाज, स्पष्ट ऐकू आला आणि तो मानेकडे जात होता. ईसीजीत हृदयाचा डावा कप्पा जाड झाल्याच्या खुणा होत्या. महाधमनीची झडप अरुंद झाली असावी, असा माझा अंदाज. अशा रुग्णाला पाठीतून भूल दिली आणि रक्तदाब एकदम कोसळला तर तो वर आणणं कठीण जातं. झडप किती अरुंद आहे हे आधी कळलं, तर भूल कशी आणि किती द्यायची ते ठरवता येतं. ते टूडी इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, कळतं.

आता यंत्रणेतला पीएसीचा पडदा. त्यात एक रकाना आहे, ‘स्थिती’. पर्याय तीन: फिट, अनफिट, रिव्ह्यू. ‘अनफिट’ निवडलं की केस लिस्टवरून उडते आणि बुकिंग पहिल्यापासून करावं लागतं. ‘रिव्ह्यू’ निवडलं की केस दुसऱ्या दिवशीच्या पीएसीच्या रांगेत जाते, म्हणजे शनिवारची शस्त्रक्रिया गेलीच. मला शस्त्रक्रिया थांबवायची नव्हती. मी ‘फिट’ निवडलं आणि खालच्या शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: ‘टूडी इको प्रिफर्ड बिफोर स्पायनल. दोन युनिट रक्त राखून ठेवावे.’ स्पायनल म्हणजे पाठीतून दिलेली भूल.

‘प्रिफर्ड’ या शब्दाबद्दल मी नंतर खूप विचार केला. तो ना अट आहे, ना सल्ला. वाचणाऱ्याला तो हवा तसा घेता येतो. मला काय म्हणायचं होतं, हे मला स्वच्छ माहीत होतं: इको उद्या सकाळी आठच्या आत व्हावा, झाला नाही तर मला फोन करावा, आपण दुसऱ्या पद्धतीने भूल देऊ. यातलं एक अक्षरही मी लिहिलं नाही. आणि शेरा म्हणजे मागणी नव्हे, ही दुसरी गोष्ट. इकोची मागणी वेगळ्या पडद्यावर टाकावी लागते. ती रेसिडेंट टाकेल असं मी गृहीत धरलं. पीएसीत लागेल ते भूलवाले स्वतः मागतात, असं रेसिडेंटने.

ओटी लिस्टच्या पडद्यावर प्रत्येक केससमोर पीएसीचं एक गोल चिन्ह येतं. फिट असेल तर हिरवं. शेरा तिथे दिसत नाही. तो वाचायला केस उघडून तिसऱ्या टॅबवर जावं लागतं. त्या संध्याकाळी आजींचं नाव हिरव्या गोलासह लिस्टवर गेलं. रक्तपेढीने सव्वाआठपर्यंत दोन युनिट जुळवून राखून ठेवली. इम्प्लांट पुरवणाऱ्याचा माणूस सात वाजता बायपोलरचा, म्हणजे कृत्रिम खुब्याचा, सेट घेऊन आला आणि तो निर्जंतुक करायला सीएसएसडीत गेला. आयसीयूत एक खाट धरून ठेवली. रात्री बारापासून उपाशी ठेवण्याची सूचना बुकिंगबरोबर आपोआप पडली. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं.

शनिवार, सकाळी 8:50

शनिवारी ओटीत मी नव्हते. माझ्या सहकाऱ्याने आजींना ओटीबाहेरच्या खोलीत पुन्हा तपासलं, मर्मर ऐकला, केस उघडली, माझा शेरा वाचला आणि विचारलं, ‘इको कुठे आहे?’ इको कुणी मागितलाच नव्हता. तो झाल्याशिवाय पाठीतून भूल देणं त्याला धोक्याचं वाटलं. त्याने केस थांबवली.

हा निर्णय बरोबर होता का, यावर आमच्या विभागात नंतर बरीच चर्चा झाली. खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये केवळ इकोसाठी शस्त्रक्रिया लांबवू नये, झडप अरुंद आहे असं धरून जपून भूल द्यावी, असं मानणारे भूलतज्ज्ञ पुष्कळ आहेत. मीही त्याच मताची आहे. पण समोर लेखी ‘इको प्रिफर्ड’ दिसत असताना, ती ओळ लिहिणारी व्यक्ती तिथे नसताना, त्याने ती ओलांडायला हवी होती असं मी म्हणू शकत नाही. माझ्या धूसर शब्दाचं ओझं त्याच्यावर पडलं.

खरं नुकसान यानंतर झालं.

केस थांबवायची तर यंत्रणेत एकच बटण होतं, ‘कॅन्सल’. ‘पुढे ढकला’ असं बटणच नव्हतं. 8:50 ला ओटीतल्या सिस्टरने ते दाबलं आणि त्याच्याशी जोडलेली कामं एकामागून एक सुटत गेली. रक्तपेढीला निरोप गेला, राखीव युनिट मोकळी झाली. इम्प्लांटची मागणी बंद झाली. पुरवठादाराचा माणूस, पाऊस वाढायच्या आत निघावं म्हणून, दुपारी एकच्या सुमारास सेट घेऊन गेला. आयसीयूतली खाट दुसऱ्या रुग्णाला मिळाली. मेडिक्लेमच्या मंजुरीवर शनिवारची तारीख होती, ती बदलून घेण्याचं काम टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीच्या, टेबलावर जाऊन पडलं.

एकच सूचना मात्र तशीच राहिली: उपाशी ठेवण्याची.

ती बुकिंगबरोबर पडली होती, पण कॅन्सल झाल्यावर ती मागे घ्यायची हे यंत्रणा बसवताना कुणाला सुचलं नव्हतं. आहार विभागाच्या यादीत आजींच्या नावापुढे ‘एनबीएम’, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, तसंच होतं. नाश्ता आला नाही, जेवण आलं नाही. वॉर्डातल्या सिस्टरकडे त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त रुग्ण होते, कारण दुसऱ्या पाळीच्या दोघी पाण्यामुळे पोहोचल्याच नव्हत्या. तिला वाटलं, केस उशिरा घेणार असतील. आजींना वाटलं, डॉक्टरांनी सांगितलंय तर सांगितलंय. तीन वाजता चादर बदलायला आलेल्या मावशी म्हणाल्या, ‘सिस्टर, सव्वीस नंबरच्या आजी सकाळपासून उपाशी आहेत. त्यांचं ऑपरेशन रद्द झालं ना?’ मग चहा-बिस्किटं आली. मध्यरात्रीपासून पंधरा तास झाले होते.

हे पंधरा तास मला 108 तासांपेक्षा जास्त बोचतात. शस्त्रक्रिया लांबण्याला पाऊस, सुट्टी, माणसं अशी दहा कारणं देता येतील. पंधरा तास उपाशी ठेवण्याला एकही कारण नव्हतं. घन आहारासाठी सहा तास आणि पाण्यासारख्या स्वच्छ द्रवासाठी दोन तास एवढाच उपास भूलशास्त्राला हवा असतो.

शनिवार दुपार ते सोमवार

इकोची मागणी शेवटी शनिवारी साडेबाराला पडली, आणि तीही ‘रूटीन’ म्हणून. त्या दिवशी हिंदमाता, सायन, कुर्ला नेहमीप्रमाणे पाण्याखाली होतं, मध्य रेल्वे रखडली होती, इको करणारे हृदयरोगतज्ज्ञ येऊ शकले नाहीत. तातडीची मागणी असती तर रात्री कुणाला तरी बोलावलं गेलं असतं. रूटीन मागणी मुकाट्याने सोमवारच्या यादीत गेली. रविवारचं पान जवळजवळ कोरं आहे: तापमान, रक्तदाब, वेदनाशामक, पुन्हा तापमान. त्या कोऱ्या दिवशी आजींच्या माकडहाडाजवळ कातडी लाल व्हायला लागली.

सोमवारच्या लिस्टवर त्यांचं नाव ‘तात्पुरतं’ म्हणून होतं, त्यामुळे मध्यरात्रीपासून पुन्हा उपास. इको 10:45 ला झाला, अहवाल 1:05 ला टंकून आला: झडप मध्यम अरुंद, हृदयाची पंपाची ताकद चांगली. म्हणजे आता हरकत काहीच नव्हती. पण इम्प्लांट नव्हतं आणि रक्त नव्हतं, त्यामुळे त्या दिवशीही केस झाली नाही. दोन वाजता जेवण आलं. न झालेल्या शस्त्रक्रियांसाठी आजी एकूण 29 तास उपाशी राहिल्या. मुलाने मला जिन्यात गाठून विचारलं, ‘डॉक्टर, आईला आजपण नेणार नाही का?’ तो चिडलेला नव्हता, आणि त्यामुळे उत्तर देणं जास्त अवघड गेलं.

मंगळवारी धमनीत लाइन घालून, क्षणोक्षणी रक्तदाब पाहत, सावकाश भूल दिली. शस्त्रक्रिया सरळ पार पडली. रात्री भ्रम झाला, तो दोन दिवसांत उतरला. माकडहाडाची जखम भरायला मात्र वेळ लागला. शस्त्रक्रियेनंतर अकराव्या दिवशी आजी वॉकर घेऊन घरी गेल्या.

जो इको आधीच झाला होता

पुढच्या आठवड्यात हाडांचा विभाग, भूल विभाग, ओटीच्या इन्चार्ज सिस्टर, रक्तपेढी, आहार विभाग आणि आयटीतला एक तरुण असे आम्ही बसलो. त्याने यंत्रणेतल्या नोंदी वेळेप्रमाणे लावून आणल्या होत्या. कोण चुकलं हे विचारायचं नाही, कुठल्या क्षणी कोणाला काय दिसत होतं एवढंच पाहायचं, असं इन्चार्ज सिस्टरनी सुरुवातीलाच सांगितलं. त्यामुळे सगळे मोकळेपणाने बोलले.

मग त्या तरुणाने सांगितलं, ‘मॅडम, यांचा इको आपल्याकडे आहे. चौदा महिन्यांपूर्वीचा.’

आजींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आमच्याच रुग्णालयात झाली होती. तेव्हा त्यांना डोंबिवलीची मुलगी घेऊन आली होती, आणि फिजिशियनने तोच मर्मर ऐकून इको करून घेतला होता. निष्कर्ष हाच: झडप मध्यम अरुंद. तो शुक्रवारी माझ्या समोर असता तर मी नवा इको मागितलाच नसता. मुलाने पीएसीच्या वेळी ‘मोतीबिंदू झालंय’ असं सांगितलं होतं. कुठे, हे मी विचारलं नाही.

पण यंत्रणेने तरी तो का दाखवला नाही? कारण आजींचे नोंदणी क्रमांक दोन होते. पहिल्या नोंदीत आडनाव इंग्रजी डब्ल्यूने सुरू होतं, कॅज्युअल्टीत रात्री सव्वाअकराला केलेल्या नोंदीत व्हीने. जुन्या नोंदीत जन्मतारीख 1 जून. आपल्याकडच्या कित्येक वडीलधाऱ्यांची असते, शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली. नव्या नोंदीत फक्त वय सांगितलेलं, त्यावरून यंत्रणेने स्वतःच काढलेली 1 जानेवारी. मोबाइल एकीकडे मुलीचा, दुसरीकडे मुलाचा. शोधायची सोय अक्षर न् अक्षर जुळवणारी. कण्हणारी म्हातारी समोर असताना कारकुनाने नवा क्रमांक काढला, यात त्याची काय चूक?

मराठी नावं रोमन लिपीत साठवणाऱ्या प्रत्येक यंत्रणेत हे दुखणं आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. वाघ, वैद्य, वाडेकर ही आडनावं दोन्ही अक्षरांनी लिहिली जातात. बायकांच्या मधल्या नावात कधी वडील, कधी नवरा. आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली 2021 पासून मिळणारा चौदा अंकी आभा क्रमांक यावर उपाय ठरू शकतो, पण मध्यरात्री मोरीतून उचलून आणलेल्या बाईच्या घरच्यांना तो पाठ असेल अशी अपेक्षा धरता येत नाही.

दोन क्रमांकांचा धोका इकोपुरता नाही, हे रक्तपेढीच्या डॉक्टरांनी लक्षात आणून दिलं. जुना रक्तगट समोर असला तर नमुना बदलल्याची चूक पकडता येते: आधी बी, आता ओ, म्हणजे काहीतरी गडबड आहे. ज्या शहरात 1952 साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगटाची नोंद केली, तिथे तर हे आणखी महत्त्वाचं. तो गट नेहमीच्या तपासणीत ओसारखा दिसतो, पण त्या माणसाला ओ गटाचंही रक्त चालत नाही. अशी नोंद एकदा झाली आणि दुसऱ्या क्रमांकाखाली गाडली गेली, तर तिचा उपयोग काय?

काय बदललं

पहिला बदल पीएसीच्या पडद्यावर. तीन पर्यायांत चौथा आला: ‘अटीसह फिट’. तो निवडला की प्रत्येक अट वेगळ्या ओळीत लिहावी लागते, आणि प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी: कोण करणार, किती वाजेपर्यंत, आणि नाही झालं तर काय. ओटी लिस्टवर गोल पिवळा राहतो, शेवटची अट पुरी होईपर्यंत. इको किंवा रक्तासारखी अट असेल तर तिथूनच मागणी जाते, दुसऱ्या पडद्यावर जावं लागत नाही. ‘नाही झालं तर काय’ हा रकाना मी हट्टाने घालून घेतला. आजींच्या बाबतीत तिथे ‘स्पायनल टाळून, धमनीत लाइन घालून भूल’ एवढे शब्द असते तर शनिवारी सकाळी ती केस झाली असती.

दुसरा बदल बटणाचा. खरं तर रुग्णालयातल्या वेगवेगळ्या संगणकांनी आपसात बोलावं यासाठी एचएल-सेव्हन नावाचं मानक पूर्वीपासून आहे, आणि त्यात वेळ बदलल्याचा संदेश वेगळा, रद्द केल्याचा वेगळा आहे. आमच्या यंत्रणेलाही तो फरक येत होता, फक्त पडद्यावर बटण दिलेलं नव्हतं. आता ‘पुढे ढकला’ निवडलं की कारण आणि नवी तारीख मागितली जाते. रक्त, इम्प्लांट, आयसीयूची खाट यांपैकी काय धरून ठेवायचं आणि काय सोडायचं, हे तिथेच ठरवायचं. रक्ताच्या बाबतीत यावर वाद झाला. रक्तपेढीचं म्हणणं, न वापरलेली युनिट दिवसचे दिवस अडकवून ठेवली तर दुसऱ्या कुणाला तरी ती मिळत नाहीत. त्यांचं म्हणणं खरं होतं. तोडगा असा: युनिट सोडायची, पण नवी तारीख पडताच रक्तपेढीच्या यादीत नाव आपोआप परत यायचं.

उपाशी ठेवण्याच्या सूचनेला आता शेवट असतो. ठरलेली वेळ उलटून दोन तास झाले आणि रुग्ण ओटीत पोहोचला नसेल, तर वॉर्डातल्या पडद्यावर प्रश्न येतो: उपास चालू ठेवायचा का? केस रद्द झाली किंवा ढकलली की सूचना तिथेच संपते आणि आहार विभागाला निरोप जातो.

हे बदल यंत्रणेत यायला काही महिने लागले. तोवर ओटीबाहेरच्या पांढऱ्या फळ्यावर इन्चार्ज सिस्टर पिवळ्या कागदाचे तुकडे चिकटवत होत्या, आणि रोज संध्याकाळी पाचला फळ्यापुढे उभं राहून उद्याची लिस्ट मोठ्याने वाचायची पद्धत त्यांनी सुरू केली. हाडांचा एक रेसिडेंट, भूलवाल्यांपैकी एक, रक्तपेढी फोनवर, सीएसएसडीचे मामा. दहा मिनिटं. यंत्रणा सुधारली तरी ती दहा मिनिटं आम्ही बंद केली नाहीत. पडदा पिवळा गोल दाखवतो, पण ‘अहो, त्या इकोचं काय झालं’ हे माणूसच विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी आम्ही निष्ठेने वापरतो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ शहरांतल्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात त्या यादीनंतर मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आल्याचं दिसलं होतं, आणि त्या आठांत दिल्लीही होती. पण ती यादी रुग्ण ओटीत आल्यावर सुरू होते. आजींची केस आदल्या संध्याकाळी बिघडली, आणि तेव्हासाठी आमच्याकडे काहीच नव्हतं.

नोंदणीच्या खिडकीवर आता उच्चारावरून शोध घेतला जातो. नवा क्रमांक काढण्याआधी मिळतीजुळती नावं दाखवली जातात, आणि कॅज्युअल्टीत घाईने काढलेले क्रमांक दुसऱ्या दिवशी सकाळी एक कारकून घरच्यांना विचारून तपासतो: इथे आधी कधी, कशासाठी, कुणाबरोबर आला होतात? रविवारचा इको अजूनही होत नाही. त्यासाठी माणूस नेमावा लागेल, त्याचा प्रस्ताव व्यवस्थापनाकडे आहे आणि मी दर महिन्याला त्याची चौकशी करते.

सहा आठवड्यांनी आजी तपासणीला आल्या तेव्हा मुलगा आणि मुलगी दोघंही बरोबर होती. खिडकीवरच्या मुलाने विचारलं, ‘आडनाव कसं लिहू, व्ही की डब्ल्यू?’ भावंडांनी एकाच वेळी दोन वेगळी उत्तरं दिली. आजींनी पिशवीतून रेशन कार्ड काढून काउंटरवर ठेवलं, ‘यात आहे तसं लिही बाळा.’ दोन्ही क्रमांक एक झाले. मी माझ्या खोलीत त्यांची फाइल उघडली तेव्हा चौदा महिन्यांपूर्वीचा इको आणि जुलैमधला इको एकाखाली एक दिसत होते.